शून्य-शून्य, किंवा एक-शून्य

सामना संपून दीड तास झाला,
आम्ही अजून पत्र्याच्या शेडखालीच,
आणि गोल झाला की नाही ते ठरलेलं नाही.

रेफरीच्या वहीत ठरलंय : शून्य-शून्य.
पण रेफरी तेव्हा मैदानाच्या मधोमध
चिखलात रुतलेला स्वतःचा बूट उपसत होता.
त्याच्या वहीला विचारतो कोण!

आमचं कॉलेज वडाळ्याचं, त्यांचं शिवडीचं,
मध्ये पोर्ट ट्रस्टचे गंजलेले रूळ
आणि चाळीस वर्षांचं वैर.
दोघंही 'क' गटाच्या तळाशी.
यंदा जो हरेल त्याच्याखाली कुणीच उरणार नाही,
म्हणून तर एवढी गर्दी :
मोजून एकेचाळीस माणसं,
त्यातली पाच नुसती आडोशाला आलेली.

एकाहत्तराव्या मिनिटाला ग्लॅडविनच्या पोराने मारलेला फटका
वरच्या दांड्याला आतून लागला
आणि सरळ खाली, डबक्यात.
उसळलाच नाही बॉल.
खुडूक कोंबडीसारखा बसला.
त्यावर शिवडीचा गोली आडवा झाला,
मग नुसतं पाणी, पाय, शिव्या.

"आत होता," ग्लॅडविन म्हणतो. "अख्खा आत.
बापाचे डोळे आहेत हे."
"बापाचे आहेत म्हणूनच," निलोफर म्हणते.
ती शिवडीची जुनी कॅप्टन,
त्यांचा मुलींचा संघ एकच वर्ष होता, त्या वर्षाची.
दर ऑगस्टला आमच्या शेडखाली येऊन भांडते,
कारण त्यांच्या बाजूला शेड नाही.

ती बाकावर ओल्या बोटाने रेघ ओढते,
काडेपेटी म्हणजे खांब, बाटलीचं झाकण म्हणजे बॉल.
"सगळा पलीकडे जायला हवा. सगळा!
पाऊण बॉल आत म्हणजे काय,
पाऊण लग्न झालं म्हणायचं?"
आम्ही हसतो,
मग आठवतं, आपण हसायचं नाहीये.

कासकर सर नियम समजावतात.
सरांनी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं,
त्यामुळे त्यांचं म्हणणं दोन्ही बाजूंना बरोबर लागू पडतं.

मग सगळे माझ्याकडे वळतात.
मी गोलच्या मागेच होतो ना, जाळीला नाक लावून,
उलटी झालेली छत्री बगलेत मारून.
मी म्हणेन ते शेवटचं.
आणि मी, चौऱ्याऐंशी सालचा राखीव गोलकीपर,
एक मिनिटही न खेळता ब्लेझर मिळवलेला,
नेमका तेव्हा चष्मा पुसत होतो.
ओल्या शर्टाने.
एक पांढरं काहीतरी दिसलं, एक तपकिरी,
आणि आवाज आला
कुणी भिजलेली गादी जिन्यावरून टाकल्यासारखा.

"आत," मी म्हणालो.

निलोफरने माझ्याकडे पाहिलं.
मग चष्म्याकडे.
बोलली काही नाही.

तेवढ्यात कॉर्नरचे झेंडे गोळा करत गावडे आले,
चुन्याची रिकामी बादली टोपीसारखी डोक्यावर.
"कुठल्या रेघेचं चाललंय?
सातला मारलेली ती नऊला वाहून गेली.
परत मारली, ती हाफटाइमला गेली.
आणि खरं सांगू का,
सरळ नव्हतीच ती.
डाव्या खांबापाशी वीतभर आत गेलेली.
दोरी कुजलीय. तीन वर्षं नवी मागतोय,
देतंय कोण."

कुणी काही बोललं नाही.
पत्र्यावर पाऊस तेवढा बोलत होता, एकसुरी,
चहाच्या ग्लासांत गळका थेंब पडत होता,
आणि पलीकडे ग्लॅडविनचा पोरगा नि शिवडीचा गोली
एकाच ताडपत्रीखाली बस स्टॉपकडे पळत होते,
एकमेकांच्या बुटांवर पाय देत.

"वीतभर आत म्हणजे," ग्लॅडविन सावकाश म्हणाला,
"कुणाच्या बाजूने आत?"

निलोफरने हाताने बाक पुसलं,
काडेपेटी उचलली,
आणि रेघ पुन्हा ओढली,
या वेळी तिरकी.